डाग नाकारणारी भामा

ताप उतरला आणि पनवेलजवळच्या ओवे गावातल्या शिवाच्या घराला हायसं वाटलं. सहा वर्षांच्या वेणूला हिवतापानं असं धरलं होतं की दोनदा आकडी आली, अख्खा दिवस पोर शुद्धीवर नव्हती. पनवेलच्या दवाखान्यात कोयनेल दिलं, कंपाउंडरनं वहीत 'बरी' असं लिहिलं आणि घरी धाडलं. साल एकोणीसशे बावन्न, भाद्रपद.

बरी कसली! पंधरा दिवसांनी पोर ओटीवरून अंगणात उतरली तरी धापा टाकायची. ओठ पांढरे, तळहात पिठासारखे, आणि डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी फुगलेली की हाताला दगड लागावा.

पानथरी वाढली की गावात औषध एकच, डाग. विळ्याचं टोक लाल करून पोटावर टेकवायचं. ते काम शिवाचा मामा दाजी करी. माणूस दुष्ट नव्हता. पण आपल्याला कळतं ह्यावर त्याचा फार विश्वास, आणि असली माणसं दुष्टांपेक्षा जड जातात.

दाजीनं विळा निखाऱ्यात खुपसला. वेणूची आई भामा पोरीला कडेवर घेऊन उभीच राहिली.

"आण तिला," दाजी म्हणाला.

"नाय आणत."

"शिवा, बायको तुझी हाय का तू तिचा?"

शिवानं मान खाली घातली. "अगं, मामाचा शब्द कसा मोडू?"

"तुमी नका मोडू. मी मोडते." भामाचा आवाज चढला. "मामांनी ल्हानपणी डाग तुमालाबी दिला, तुमी जगलात. तुमच्या भैनीलाबी दिला, ती कुठं हाय? मामा, गुण सांगायचे तर दोघांचे सांगा!"

भामानं कासोटा आवळला आणि चिखल तुडवत पनवेल गाठलं.

कंपाउंडरनं वर न बघता विचारलं, "ताप आहे?"

"नाय."

"मग कशाला आलीस? ताप नाही म्हणजे पोरगी बरी."

"बरी? हात आणा इकडं." तिनं त्याचा पंजा धरून टेबलावर उताणा केला आणि शेजारी वेणूचा हात ठेवला. "हिचं रगत कुठं गेलं ते सांगा. येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. मी हलत नाय."

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी वेणूची पापणी खाली ओढली आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "बाई, वेळेवर आणलीस. जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. ते मेले तरी त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर लगेच शांत होत नाही. चांगल्या पेशीही मोडत राहतं, नवं रक्तही धड बनत नाही. पानथरी फुगते ती ह्याच कामानं."

"म्हणजे चोर पळाला, तरी घरातली माणसं अंधारात एकमेकांना काठ्या घालतायत?"

डॉक्टर हसले. "तसंच. आणि तुम्ही लोक डाग देऊन वरून घराला आग लावता."

"मी नाय लावली," भामा ताडकन म्हणाली.

पोरीला नजरेखाली ठेवायचं ठरलं. रक्त आणखी उतरलं तर मुंबईला न्यावं लागणार होतं. कंपाउंडर म्हणाला, खाट रिकामी नाही. भामा म्हणाली, व्हरांडा हाय. आणि राहिली, अकरा दिवस. लोहाचं काळं औषध पाजायची. नुसत्या पेजेवर ठेवू नका, असा हुकूम होता, म्हणून कलेजी मागून आणायची, दवाखान्यामागं तीन दगडांवर शिजवायची.

तिसऱ्या दिवशी शिवा आला. हातात सुके बोंबील.

"मामांना काय सांगितलंत?"

"काय नाय. आलो."

भामानं त्याला बसायला गोणपाट सरकवलं.

मुंबईला जायची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी पापणीआड फिकट गुलाबी रेघ दिसली. औषध पुढं तीन महिने चाललं. माघात वेणू बापाच्या मागं मिठागराच्या बांधावरून धावत सुटली तेव्हा तिच्या पोटावर कसलीही खूण नव्हती.

दाजी दोन वर्षं त्या घरात पाणी प्यायला नाही. कुणी हळहळलं की भामा म्हणायची, "बरं झालं, एक पाहुणा कमी."