शाळेने विचारलं तेव्हा

“या आई फार गोड आहेत. कधी काही मागतच नाहीत.”

शाळेच्या ऑफिसात काचेमागे बसलेली बाई शेजारच्या बाईला इंग्रजीत हे सांगत होती. बोलणं माझ्या ताईबद्दल होतं. ताई बाहेर, बर्फ लोटून मोकळ्या केलेल्या वाटेवर, इराच्या जॅकेटची चेन लावत उभी होती. मी इराची विसरलेली टोपी घ्यायला आत आले होते. टोपी घेतली, थँक यू म्हटलं आणि बाहेर पडले.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. अमरावतीची. लग्नानंतर भाऊजींच्या नोकरीमुळे शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या अलीकडच्या एका गावात राहायला आली. इरा तिची मुलगी, आठ वर्षांची. फेब्रुवारीत मी रजा काढून त्यांच्याकडे गेले, ती अमेरिका पाहायला. प्रत्यक्षात जास्त पाहिली ती इराची शाळा.

घरी आल्यावर चहा घेताना मी ताईला ते वाक्य सांगितलं. मला ते नीट वाटलं नव्हतं. का, ते सांगता येत नव्हतं. ताई मात्र खूश झाली.

“खरंच असं म्हणाल्या?”

“हो.”

“बघ. इथे काही काही आया किती भांडतात. मला नाही जमत ते.” रात्री जेवताना तिने भाऊजींनाही सांगितलं. भाऊजी म्हणाले, “गुड. रिलेशन चांगलं असलं की कामं होतात.”

त्या गावात चालणारं माणूस दिसत नाही. एकसारखी घरं, प्रत्येकाच्या पुढे दोन गाड्या, आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट डोंगर. सुरुवातीला बर्फ पाहून मी फोटो काढले. नंतर तो जुन्या कापसासारखा दिसायला लागला आणि मी फोन खिशातच ठेवू लागले. एकदा फुटपाथवर घसरून पडले. समोरच्या घरातल्या आजोबांनी दार उघडून ‘ठीक आहेस ना’ विचारलं आणि लगेच मिठाची बादली घेऊन बाहेर आले. बर्फ विरघळावा म्हणून तिथे वाटेवर जाडं मीठ टाकतात. माझ्या एकुलत्या एका बऱ्या बुटांवर त्या मिठाचे पांढरे डाग पडले ते अजून आहेत.

ताईच्या घरात मात्र अमरावती होती. सकाळी पोहे, रविवारी पाटोडी. फोडणी दिली की स्मोक अलार्म किंचाळायचा आणि इरा कानांवर हात ठेवून जिन्याखाली जाऊन बसायची. म्हणून ताई थंडीतही दार उघडं टाकून फोडणी द्यायची, अंगात जॅकेट घालून.

इराला बोलायला वेळ लागतो. प्रश्न विचारला की ती आधी खाली बघते, मग बोटांनी काहीतरी चाचपते, मग कधीतरी उत्तर येतं. तेवढ्यात बहुतेक माणसं दुसरं बोलायला लागलेली असतात. शाळेत तिच्याजवळ एक पॅरा (वर्गात मुलाच्या शेजारी बसणारी मदतनीस) असायची, मिस कॅरल. ती घाई करायची नाही. त्या वर्षी पहिल्यांदा इराला एक मैत्रीण झाली होती. तिचं नाव माया. माया शनिवारी घरी यायची आणि दोघी जमिनीवर पडून एकाच कागदावर चित्रं काढायच्या. ताई स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे इतक्या वेळा बघायची की पोळी करपायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी इराला घेऊन ट्रेनने शिकागोला गेले. तळ्याच्या काठी बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटत होत्या. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. इराने माझा हात सोडला नाही आणि किती तरी वेळ तिथून हललीही नाही. परतताना मी चुकीच्या गाडीत चढले. ती जलद होती. आमचं स्टेशन खिडकीतून सरळ मागे गेलं. मी घाबरून तिकीट तपासणाऱ्या माणसाला शोधत होते. इराने माझी बाही ओढली, खाली पाहिलं, बोटं चाळवली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “नॉट होम.” मग अजून थोड्या वेळाने, “नेक्स्ट स्टॉप, कॉल आई.” तेच बरोबर होतं. आम्ही नेपरव्हिलला उतरलो आणि ताई गाडी घेऊन आली. सगळ्या रस्त्याने ताई हेच विचारत होती, “ती स्वतः बोलली? तू विचारलं नव्हतंस?”

शाळेचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. इराच्या पुढच्या वर्षभराच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायची बैठक होती. अशा मुलांसाठी दरवर्षी ती घ्यावीच लागते, आणि तिच्यात आईवडिलांना बसवावंच लागतं. हा नियम शाळेचा नाही, राज्याचाही नाही, थेट वॉशिंग्टनचा कायदा आहे. हे मला ताईने नाही, डेनिसने सांगितलं.

डेनिस ही त्याच शाळेच्या भागातली एक आई. तिचा मुलगा आता मोठा आहे. दर महिन्याला वाचनालयाच्या एका खोलीत ती अशा पालकांना जमवते. ताईला मायाच्या आईने तिथे पाठवलं आणि ताई मला घेऊन गेली. सोबत तिने डबाभर चकल्या नेल्या. खोलीत सातआठ आया आणि एक बाबा होते. ते सगळे खासदारांना पोस्टकार्डं लिहीत होते. केंद्राचं शिक्षण खातं आकसत चाललंय, पालकांच्या तक्रारी ऐकणारी माणसं कमी होतायत, ती कमी करू नका, असं काहीतरी.

“मी इथली नागरिक नाही,” ताईने हळूच विचारलं. “मी लिहिलं तर चालेल?”

“तुझी मुलगी इथल्या शाळेत जाते ना?” डेनिस म्हणाली. “मग लिही.”

ताईने सुंदर अक्षरात लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. तिने शाळेचे आभार मानले होते. शिक्षिका किती प्रेमळ आहेत ते लिहिलं होतं. मागणी कुठेच नव्हती. डेनिसनेही ते वाचलं. ती हसली नाही. चकली हातात धरून म्हणाली, “ऐक. पूर्वी आमच्या मुलांना शाळा दारातूनच परत पाठवायच्या. आमच्या आधीच्या आया भांडल्या, तेव्हा त्या टेबलाशी आपल्याला खुर्ची मिळाली. तू तिथे पाहुणी नाहीस.”

“नाही नाही, ते लोक खूप चांगले आहेत,” ताई म्हणाली.

“असतीलच,” डेनिस म्हणाली. “माझ्या वेळचेही चांगलेच होते.” मग तिने चकलीचा तुकडा मोडला आणि हे घरी कसं करतात ते विचारलं. ताई मोकळी झाली. उरलेला सगळा वेळ तिने भाजणी समजावून सांगितली.

बैठकीला ताई मला घेऊन गेली. “तुझं इंग्लिश चांगलं आहे. तू नुसती शेजारी बस.” ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मी कॉन्व्हेंटमध्ये. पण अनोळखी माणसांपुढे तोंड उघडायचं ते तीच उघडते. भाऊजी फोनवरून हजर होणार होते.

छोट्या खुर्च्यांची खोली होती. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, बोलणं शिकवणाऱ्या बाई, आणि त्या भागातल्या सगळ्या शाळांच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या, लॅपटॉप उघडून बसलेल्या एक बाई. सगळ्यांनी इराचं कौतुक केलं. मग लॅपटॉपवाल्या बाईंनी मांडलं की इराला दुसऱ्या शाळेतल्या छोट्या वर्गात जास्त आधार मिळेल. तिथे मुलं कमी, त्यामुळे वेगळ्या मदतनीसाची गरज नाही. बस घरापासून नेईल. त्या फार हळुवार बोलत होत्या. वर्गशिक्षिका मात्र टेबलाकडे बघत होती.

“सॉरी, माझा दुसरा कॉल सुरू होतोय,” फोनमधून भाऊजी म्हणाले. मग मराठीत, “यार, तू हॅण्डल कर.” आणि फोन बंद झाला.

लॅपटॉपवाल्या बाई ताईकडे वळल्या. “आई म्हणून तुम्हाला काय वाटतं?”

मी टेबलाखाली ताईच्या हातावर हात ठेवला. थांब, असं मला म्हणायचं होतं. तिला वाटलं मी धीर देतेय. तिने माझा हात दाबला, सरळ बसली, आणि मनापासून, आमच्या घरात शाळेच्या बाईंना जे बोलतात तेच इंग्रजीत बोलली. “मॅडम, इरा तुमचीच मुलगी आहे. तुम्ही जे ठरवाल ते तिच्या भल्याचंच असेल.”

खोलीत सगळ्यांचे चेहरे निवळले. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं.

“मग थांबायला नको ना? सोमवारपासून सुरू करू या? तुम्हाला विचार करायला काही दिवस घेता येतात,” लॅपटॉपवाल्या बाई म्हणाल्या.

“तुम्हाला योग्य वाटेल तसं,” ताई म्हणाली. बाईंनी टाइप केलं. निघताना ताईने त्यांना बेसनाचे लाडू दिले.

गाडीत बसल्यावर तिने चावी फिरवली नाही. “ते आता मला परत विचारतील ना गं?” ती म्हणाली. “मी आपलं बोलायची पद्धत म्हणून बोलले. आता ते म्हणतील, नाही नाही, तुम्हीच सांगा. मग मी सांगणार होते, माया आहे इथे, मिस कॅरल आहे.”

पार्किंग रिकामं होत होतं. परत विचारायला कुणी आलं नाही.

सोमवारी पिवळी बस दाराशी आली. इरा पायरीवर थांबली, खाली पाहिलं, बोटं चाळवली. तिला काही म्हणायचं होतं. ड्रायव्हर चांगला होता, हसत होता, पण मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या. तिचं वाक्य तयार होण्याआधी दार मिटलं.

त्या आठवड्यात ताईने सगळं केलं. तिने शाळेला ईमेल लिहिला, मी तो वाचून दाखवला. आम्ही तीनदा त्यातला ‘प्लीज’ काढला आणि परत घातला. उत्तर सभ्य होतं: बैठकीत सर्वांचं एकमत झालं आहे, इराला रुळू द्या, वर्षअखेरीस पाहू. डेनिसने फोनवर सांगितलं की पुन्हा बैठक मागता येते, वर तक्रारही करता येते. मात्र हल्ली तिथून उत्तर यायला फार वेळ लागतो. तरी कर, मी सोबत येते.

“तक्रार नको,” भाऊजी म्हणाले. “ग्रीन कार्डाचं अडकलंय. आपलं नाव कुठल्या सरकारी फाइलीत नको आत्ता.”

“शाळेची तक्रार आणि व्हिसा, काय संबंध?” मी विचारलं.

“संबंध नसेलही. मला रिस्क घ्यायची नाही.” ते चिडून बोलले नाहीत. थकून बोलले. मग इराच्या ताटातला भात कालवायला लागले. इरा त्या आठवड्यात घरात एक शब्दही बोलली नव्हती. शनिवारी माया आली, तिने कागद पसरला, आणि बराच वेळ एकटीच चित्र काढून निघून गेली. पुढच्या शनिवारी ती आली नाही.

माझी परतायची तारीख आली. विमानतळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचा बर्फ गेला होता आणि खालचं गवत पिवळं, दबलेलं होतं. ताईने गाडी थांबवून माझी बॅग उतरवली. “आईला यातलं सांगू नकोस,” ती म्हणाली. “तिथे बसून तिला काय करता येणार आहे.”

विमानात मला माझ्या शाळेतले निकालाचे दिवस आठवत राहिले. पालकांची रांग वऱ्हांड्यात असायची. टीचर बोलायच्या, आई मान हलवायची, मी जमिनीकडे बघायची. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं तिथे कुणी आईला विचारलेलं मला आठवत नाही. विचारलं असतं तर तीही तेच म्हणाली असती, मॅडम, तुम्हीच बघा. त्यावर टीचर म्हणाल्या असत्या, अहो, असं कसं, तुमची मुलगी आहे. असं दोनदा-तीनदा झाल्यावर मग खरं बोलणं सुरू झालं असतं. ताई त्या पुढच्या फेऱ्यांची वाट बघत होती. त्या देशात प्रश्न एकदाच विचारतात आणि उत्तर तेच धरतात. यात कुणी दुष्ट नव्हतं, याचाच मला जास्त त्रास होतो. दुष्ट कुणी असतं तर भाऊजीसुद्धा भांडले असते.

अमरावतीला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी, ताईची आई, आली. तिने इराचे फोटो मागितले. जुन्या शाळेतला, मायासोबतचा फोटो तिने बोटांनी मोठा करून पाहिला.

“ही मैत्रीण येते ना अजून घरी?”

मी पाणी आणायला उठले. मावशी माझ्या मागे स्वयंपाकघरात आली.

“काय झालंय? ताई फोनवर पण नीट बोलत नाही.”

“इराची शाळा बदलली, मावशी.”

“अशी कशी बदलली? आईबापाला न विचारता?”

मी पेला ओट्यावर ठेवला.

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “ताई हो म्हणाली नव्हती, मावशी. ती फक्त चांगलं बोलली.”