चकाचक नको, स्वच्छ हवं

मोशी ओलांडली आणि आमची गाडी कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अशी अडकली, की मी ड्रायव्हरवर उगाच चिडले. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये माझं तांबं चार दिवस जमिनीच्या वर, उघड्यावर पडून होतं.

"चोरी व्हायची भीती हाय का, मॅडम?" कारण ऐकून त्यानं विचारलं.

"नाही हो, आकाशातून येणारे किरण त्याला बाधतात."

त्यानं हळूच आपल्या बाजूची काच वर केली.

न्यूट्रिनो हा कण इतका हलका, की त्याचं नेमकं वस्तुमान अजून कुणालाच ठाऊक नाही. तो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर काही अणूंमधून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतील आणि सोबत एकही न्यूट्रिनो येणार नाही. लेप्टॉन कणांची, म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंच्या कुळाची, संख्या कायम राहते हा नियम तिथे मोडेल आणि न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचाही अंदाज येईल. पण हे घडलंच तर इतकं क्वचित, की ते टिपणाऱ्या आमच्या उपकरणाच्या झाकणावरच्या धुळीतला किरणोत्सारही ती खूण बुडवून टाकेल. त्या झाकणासाठी शुद्ध तांब्याचा एकच तुकडा आमच्याकडे होता.

लेथवर तीस वर्षं काढलेल्या, चऱ्होलीच्या दत्तूमामांनी झाकण समोर ठेवलं. त्यात माझा चेहरा दिसत होता.

"फोनवर स्वच्छ म्हनला व्हता ना, ताई? घ्या, चकाचक! सोता बफ मारलाय (फिरत्या कापडी चाकावर पॉलिशचा मसाला लावून घासलं आहे)."

"मामा, घात झाला. तो मसाला तांब्यात रुतला असणार, त्यातही किरणोत्सार असतो. मला तांब्यावर तांब्याशिवाय काहीच नको होतं!" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

मामांनी चष्मा काढून पुसला. "आमच्यात स्वच्छ म्हंजी चकाचकच. पर रडू नगा. जॉब प्लसला ठेवलाय (तुकडा मापात चालेल तितका जाड ठेवला आहे). कापल्यालं जोडता येत न्हाई, आसं उस्ताद सांगायचे."

मग त्यांनी लेथ पुसून काढला, नवं टूल लावलं, हातमोजे चढवले. तेलाऐवजी मी आणलेलं शुद्ध स्पिरिट वापरून, अंगभर केसाएवढा थर उतरवला. मी श्वास रोखून उभी होते. माप बरोबर बसलं तेव्हा कुठे आम्ही मुठीनं फोडलेल्या कांद्यासोबत पिठलं-भाकरी खाल्ली. इतकी चवदार भाकरी मी क्वचितच खाल्ली असेन.

"आसा निस्तेज जॉब हितनं कदी गेला न्हाई," झाकण डब्यात बंद करताना मामा पुटपुटले.

ते झाकण मांडीवर घेऊन मी परतले. पुढे डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत त्याची कसून तपासणी झाली. निकाल हाती येताच मी मामांना फोन लावला.

"मामा, आपल्या तांब्यावर काहीही सापडलं नाही."

"कायबी न्हाई?"

"काहीही नाही. सगळ्या उपकरणात इतका शुद्ध भाग दुसरा नाही."

न्यूट्रिनोचं उत्तर यायला वर्षं लागतील. कदाचित माझ्या हयातीत येणारही नाही. पण त्या क्षणी मला आपल्या माणसांचा अभिमान वाटला. पलीकडे दत्तूमामा मशिनींच्या आवाजावर आवाज चढवून अख्ख्या शेडला सांगत होते, "आरं ऐका रं, आपल्यात कायबी न्हाई सापडलं!"