नेटिव्ह यावुदु?

म्हैसूरला आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे 'नेटिव्ह यावुदु?' मूळ गाव कुठलं? भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, दंतवैद्यानं तर माझा आ वासलेला असताना विचारलं होतं. मी आपली पोपटासारखी 'सोलापूर' म्हणते. आणि सोलापूरला गेलं की भावजय म्हणते, "आल्या म्हैसूरच्या पाहुण्या!"

आमच्या ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळते. मध्यंतरी मदतनीसाच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. घ्यायला साहेब आणि मी. साहेब इथलेच, मनानं चांगले, पण जिभेला हाड नाही. शेवटी आली ती इथल्याच नजरबाद भागातली मुलगी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी घरातली. आई अंथरुणाला खिळलेली. ही नोकरी हुकली तर बेंगळुरू गाठावं लागणार आणि आईकडे बघायला दुसरं कोणी नाही, हे तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं. मुलाखतीत असलं सांगायचं नसतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला ती तिथंच आवडली.

टेबलावर दोन स्विच, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, एका केबलनं जोडून ठेवले होते. अशा केबलला ट्रंक म्हणतात. अकाउंट्स, स्टोअर, सगळ्यांची माहिती तिच्यातूनच जाते. कुठली कुणाची हे कळावं म्हणून तिच्यावर टॅग असतो, आणि बिनटॅगची ज्या गटात उतरते त्या गटाचा आकडा म्हणजे नेटिव्ह. दोन्ही स्विचवर तो एकच हवा. साहेबांनी मुद्दाम वेगवेगळा ठेवला होता, त्यामुळे स्क्रीनवर सारखी तक्रार येत होती. तिकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "नेटिव्ह यावुदु?"

"नजरबाद, सर," मुलगी म्हणाली. "आजोबांचे आजोबा मात्र साताऱ्याकडचे."

साहेब टेबल बडवून हसले आणि तिचा अर्ज बाजूला सारला. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मला असा संताप आला! या गावात जन्म काढलेल्या माणसाला असा दोन अर्थ निघणारा प्रश्न विचारायचा, आणि वर उत्तराला हसायचं! न राहवून मी मराठीत बोलले, "अगं, तुझं नव्हे, स्विचचं विचारतायत."

"अय्यो, स्विचचं का! मी माझंच सांगितले की." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "स्वल्प थांबा री."

कीबोर्ड ओढून तिनं दोन्हीकडचं सेटिंग पाहिलं. घोडं कुठं पेंड खातंय ते तिला लगेच कळलं. "हे एक म्हणते, ते दुसरंच म्हणते. मग बिनटॅगचं पार्सल भलत्याच घरी उतरते, अल्वा? खरं की नाही?" तिनं एका बाजूचा आकडा बदलला. तक्रार थांबली.

साहेबांची खोड तरी जाते का? हसू दाबत त्यांनी पुन्हा विचारलं, "मग आता सांग, नेटिव्ह यावुदु?"

तिनं कन्नडमध्ये शांतपणे उत्तर दिलं, "समोरच्याचं जे असेल तेच, सर. नाहीतर जमत नाही."

साहेबांचं हसू मावळलं. सारलेला अर्ज त्यांनी परत पुढ्यात ओढला. "सोमवारपासून येशील?"

ती रडायलाच लागली.

घरी जाताना रिक्षावाल्यानं नेहमीचं विचारलं. ओठांवर आलेलं सोलापूर मी गिळलं आणि म्हणाले, "तुमचं कुठलं?"

"एच. डी. कोटे, मॅडम."

मग घर येईपर्यंत तो आपल्या गावाबद्दल बोलत राहिला, मी विचारत राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला या गावात पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही.