सतरा गोलांपैकी चार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव नोकरीच्या ओळखपत्रावर तेवढं उरलं होतं. एकतीस वर्षं तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून आठव्या मजल्यावरच्या जोडीदाराला ओरडून सांगत आला होता, "सोड!", "थांब!", "अरे थांब, माझा पाय आहे इथे!" त्यातून हा आवाज घडला. घरात तो बायकोशी हळू बोलला तरी भिंतीपलीकडून शेजारीण उत्तर द्यायची.

शनिवारी दुपारी हा आवाज स्टेडियमवर जायचा. गोलच्या बरोब्बर मागे, तिसऱ्या रांगेत, भोंगा आणि त्याची थोरली बहीण. ताईने आयुष्यभर लोकांच्या दारात टपाल टाकलं होतं आणि आता ती निवृत्त होती. वडिलांनी दोघांना लहानपणी बोटाला धरून तिथे आणलं होतं. त्या वर्षीही क्लब हरतच होता, त्यामुळे पुढे कधी फसवल्यासारखं वाटायचा प्रश्न आला नाही.

पण यंदाच्या हंगामाने कहर केला. पहिला सामना हरले, तेव्हा भोंगा म्हणाला, गवत फार वाढलंय. दुसरा हरले, तर रेफ्रीची नजर अधू निघाली. तिसऱ्याला वारा उलटा होता.

"दोन्ही हाफमध्ये उलटाच?" ताईने विचारलं.

चौथ्या पराभवापर्यंत निसर्ग आणि रेफ्री दोघेही वापरून झाले होते. मग भोंग्याने मोर्चा गोलकीपरकडे वळवला. हा पोरगा यंदाच नवीन आलेला. उंचीने ताडमाड, हात असे की एका हाताने घागर उचलावी, आणि चेंडू मात्र त्या हातांमधून सुळकन पलीकडे. त्या दिवशी तिसरा गोल झाला आणि भोंगा उठून गरजला, "अरे, हात आहेत का चाळण?"

सगळी गॅलरी खो खो हसली. मागच्या रांगेने शब्द उचलला, त्याच्या मागच्या रांगेने त्याला ठेका दिला. पाचव्या सामन्याला चार हजार माणसं टाळ्या वाजवत "चाळण! चाळण!" म्हणत होती. भोंग्याची छाती फुगली. आपण केलेलं काहीतरी इतक्या लोकांच्या तोंडी बसावं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सहावा सामनाही हरले. सहा सामने, सतरा गोल, शून्य पॉइंट, आणि तक्त्यात एवढं खाली, की वर्तमानपत्राची घडी नेमकी त्यांच्यावरच पडायची.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी फोन आला. डॉक्टरांचे दवाखाने असलेल्या एका इमारतीत लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत एकच माणूस. भोंगा पेटी घेऊन धावला. चौथ्या मजल्याचं दार त्याने चावीने उघडलं, खाली दिसणारं लिफ्टचं दार पहारीने वीतभर सरकवलं, म्हणजे आत हवा जाईल. फट एवढीच, की माणसाला बाहेर काढता येणार नाही. आत माणूस असताना लिफ्ट हाताने हलवायची तर दोघं लागतात, असा नियम होता. आणि जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता. अर्धा तास तरी गेला असता. तोवर आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हेही कामच.

भोंगा फरशीवर पालथा पडला आणि फटीत तोंड घालून म्हणाला, "साहेब, घाबरू नका! लिफ्ट पडत नसते! आरामात खाली बसा!"

मग खोलातून, जरा कापऱ्या आवाजात उत्तर आलं, "काका, तुम्ही... तिसऱ्या रांगेत बसता का?"

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बॅटरी आत मारली. लिफ्टच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन, घामाने निथळत, क्लबचा गोलकीपर बसला होता.

"मी? मी कुठला," भोंगा शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणाला.

"आवाज लपत नाही, काका."

आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. माणूस आत अडकलेला आणि चावी आपल्याकडे. भोंग्याने घसा खाकरला. "चोवीस फुटी गोल सांभाळणारा तू, चार फुटांच्या खोक्यात एवढा घाबरतोस?"

"तिथे पळायला मैदान असतं," गोलकीपर म्हणाला.

भोंग्याला हसू आलं. आतूनही जरा हसल्यासारखं झालं. मग त्याने विचारलं, दवाखान्यात कशाला आला होतास? पोराने डावा हात उजेडात धरला. करंगळीशेजारचं बोट पट्टीने बांधलेलं, सुजून वांग्यासारखं झालेलं.

"दुसऱ्या सामन्यात मोडलं. दुसऱ्या कीपरचा गुडघा गेलाय, आणि तिसऱ्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही. मग खेळतो असाच. पण काका, कुणाला सांगू नका. समोरच्यांना कळलं तर सगळे डावीकडेच मारतील."

भोंग्याने शपथ घेतली. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दोन मिनिटं गप्प राहून तो म्हणाला, "बोटाचं समजलं. पण कॉर्नर आला की तू लाइनवर खांबासारखा उभा का राहतोस? पुढे का येत नाहीस? तुमचा तो टकल्या बचाववाला ओरडत असतो ना 'ये' म्हणून!"

"ओरडतो. मला ऐकू येत नाही."

"का?"

"मागून तुमचा आवाज येतो ना, काका."

भोंगा फरशीवर तसाच पडून राहिला. जिन्यावरून जाणाऱ्या एका नर्सबाईंना वाटलं याला भोवळ आली, त्यांनी विचारलंही. त्याने हातानेच नाही म्हटलं. मग फटीत तोंड घालून त्याने हळूच विचारलं, "सतरापैकी किती?"

"तसं मोजू नका."

"किती ते सांग."

"चार. फार तर."

जोडीदार आला, वरच्या मशीनरूममध्ये जाऊन त्याने ब्रेक सैल केला, भोंग्याने खालून "थांब!" म्हटलं आणि लिफ्ट चौथ्या मजल्याला टेकली. गोलकीपर बाहेर आला. त्याने भोंग्याकडे पाहिलं, मग मान बरीच खाली करून पुन्हा पाहिलं. "तुम्ही एवढेसे?" तो म्हणाला, आणि निरोप घेऊन जिन्याने उतरून गेला. माफी मागायचं भोंग्याच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्या बारीक आवाजात बोलायची तिला सवय नव्हती.

घरी त्याने बोटाची गोष्ट वगळून बाकी सगळं बायकोला सांगितलं. ती हसता हसता खुर्चीवरून घसरली. "अहो, म्हणजे पैसे भरून आत जायचं आणि स्वतःच्याच क्लबवर गोल घालायचे!"

शनिवारी पहिल्या हाफमध्ये आपला गोलकीपर याच बाजूला होता. भोंगा तोंडावर हात घेऊन बसला. दहा मिनिटांनी ताईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. मग काय, घरी भांडलास?"

त्याने मान हलवली. एवढ्यात समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि मागून सवयीने सुरू झालं, "चाळण! चाळण!" भोंगा उसळून उभा राहिला, मैदानाकडे पाठ केली आणि आपल्याच चार हजार माणसांवर गरजला, "गप्प बसा! एकदम गप्प!"

स्टेडियममध्ये सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा माणूस शांतता मागतोय, हे पाहून लोक खरंच गप्प झाले. त्या शांततेत टकल्या बचाववाल्याची हाक स्वच्छ ऐकू आली, "ये!" गोलकीपर पुढे आला, चार डोक्यांच्या वर उडाला आणि त्याने चेंडू उराशी घेतला. भोंग्याला हे दिसलं नाही, कारण त्याची पाठ होती. ताईने सांगितलं तेव्हा कळलं.

हाफटाइमला बाजू बदलल्या. आता त्यांच्यापुढच्या गोलमध्ये समोरच्या क्लबचा गोलकीपर येऊन उभा राहिला. भोंगा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ताई, कानात बोटं घाल."

आपल्याला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत गेला आणि भोंग्याने एकतीस वर्षांचा अनुभव एका शब्दात ओतला. शब्द कोणता हे कुणालाच कळलं नाही. पलीकडच्या गोलकीपरला स्वतःच्या बचाववाल्याचं ऐकू गेलं नाही, बचाववाल्याला गोलकीपरचं. दोघे एकमेकांवर आदळले, आणि चेंडू आपल्या फॉरवर्डच्या पाठीला लागून, त्याला पत्ताही न लागता, आत गेला.

शेवटच्या मिनिटाला पलीकडच्या टोकाला आपल्यावर पेनल्टी बसली आणि सामना एक-एक असा सुटला. पेनल्टी उजवीकडे मारली होती, आणि आपल्या कीपरच्या उजव्या हाताच्या वीतभर पुढून गेली. एक पॉइंट. तक्त्यात ते अजून शेवटून पहिलेच होते, तरी भोंगा आणि ताई चषक जिंकल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात पडले.

पुढे बोट बरं झालं, क्लब पडत-झडत सोळा क्लबांत बाराव्या जागेवर पोचला. भोंग्याने एकच नियम पाळला: आपला कीपर समोर असेल तो हाफ मौनाचा, दुसरा हाफ कामाचा. "चाळण" कुणी म्हटलंच तर तो मागे वळून नुसता बघायचा. मे महिन्यात त्या पोराला एका मोठ्या क्लबने उचललं. शेवटच्या सामन्यानंतर तो गोलच्या मागे आला आणि त्याने आपले हातमोजे तिसऱ्या रांगेत फेकले. ते ताईने झेलले, आणि ती आता ते कुणाला हातही लावू देत नाही.

नव्या हंगामात नवा कीपर आला. पहिल्याच सामन्यात वीस मिनिटांत त्याने दोन गोल खाल्ले. ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, पण तोंड मिटलेलं होतं.

"नवीन आहे बिचारा," तो शेवटी म्हणाला. "त्याला जरा वेळ द्यायला हवा."

"किती?"

भोंग्याने घड्याळ पाहिलं. "हाफटाइमपर्यंत बघू."