बाजारच्या दिवशीची गोळी

माझ्या मायचं तोंड आतून सोलपटून निघालं होतं. पाण्याचा घोट गिळतानाही ती कळवळायची. आणि जालन्याच्या दवाखान्यात भेटायला येणारा एकेक शहाणा काय आणायचा, तर मोसंबी! खाटेखाली ढीग लागला होता. अरे, जिला पाणी झोंबतंय ती आंबट फळ खाणार कशी? पण विचार करायला डोकं लागतं. यायचं, पायथ्याशी उभं राहून डोळे पुसायचे आणि दाराबाहेर जाऊन कुजबुजायचं, "ब्लड कॅन्सरच हाय."

या सगळ्यांचा म्होरक्या माझा चुलतभाऊ. दहावीला तीनदा आपटलेला, पण मोबाइल हातात आल्यापासून डॉक्टर झालेला. मायच्या संधिवाताच्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद त्यानं शोधून आणला. "बघ, कंपनीच लिहून राह्यली! या गोळीनं रक्ताचा कॅन्सर व्हतो. म्या म्हणलं नव्हतं?" काय म्हणला होता, तर गुडघ्याला कोरफड बांध.

पण भीती खोटी नव्हती. अंगावर काळेनिळे डाग, ताप उतरत न्हाई, हिरड्यांतून रक्त, तपासणीत रक्तातल्या सगळ्याच पेशी तळाला गेलेल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ब्लड कॅन्सर असू शकतो. कंबरेच्या हाडातला मगज तपासू." मग खाटेजवळ येऊन विचारलं, "गोळी सांगितल्याप्रमाणेच घेतात ना?"

"बिलकुल," मी म्हणालो. मायला बोलूच दिलं न्हाई. सरकारी शाळेत मास्तर आहे मी, मला सवय आहे.

गोळी मीच चालू करून दिली होती. मायची बोटं सुजून वाकडी झाली, तराजू धरवेना, म्हणून तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्तो. त्यांनी बजावलं, ही गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून. मायला वाचता येत न्हाई. कागद दाखवून उपयोग काय? मंग मी माझी हुशारी चालवली. तिथला कंपाउंडर सगळ्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना सांगत होता तसंच सांगितलं, "माय, बाजारच्या दिवशी एक घ्यायची. बाकी दिवशी हात लावायचा न्हाई." तिनं मान डोलावली. मला माझंच कौतुक वाटलं.

मगज काढायच्या दिवशी सकाळी एक शिकाऊ डॉक्टरीण कागद भरायला आली. माझ्या लेकीच्या वयाची. मी उत्तरं द्यायला पुढं सरसावलो तर म्हणाली, "सर, तुम्ही थांबा. आजी, ती गोळी कोणत्या वारी घेता?"

"वार कशाला? बाजारच्या दिवशी."

"बाजार कोणत्या दिवशी असतो?"

मायनं सुजलेली बोटं मोजायला घेतली. "एक दिस तीर्थपुरीचा. मंग कुंभार पिंपळगाव. मंग वडीगोद्री. मंग आमच्या गावचा. आन् टेम्पो मिळाला तर अंबडचा बी."

आमचं घर मसाल्याचं. हळद, मिरची, धने घेऊन माझी माय आणि थोरला भाऊ आठवडाभर या गावच्या बाजारातून त्या गावच्या बाजारात फिरतात. लहानपणी त्या पोत्यांवर बसून मी पाढे पाठ केले. त्याच बाजारांनी मला मास्तर केलं. आणि ज्या बाईचा जवळपास प्रत्येक दिवस बाजाराचा, तिला मी बाजारच्या दिवशी गोळी घे म्हणून सांगून आलो! दीड महिना ती इमानदारीनं आठवड्याच्या चार चार, पाच पाच गोळ्या खात होती. संपल्या की भाऊ रिकामी पट्टी दाखवायचा आणि मेडिकलवाला पेपरमिंट दिल्यासारख्या काढून द्यायचा. त्यानं चिठ्ठी मागितली न्हाई, इतक्या जल्दी कशा संपल्या म्हणूनही विचारलं न्हाई. वा रे धंदा!

गोळी बंद झाली, उताऱ्याचं इंजेक्शन सुरू झालं. मगजात कॅन्सर सापडला न्हाई. मोठे डॉक्टर म्हणाले, कागदावरचा धोका अगदीच खोटा नसतो, म्हणून तर रक्त तपासत राहायचं. पण यांचं रक्त आटलं ते जास्तीच्या गोळ्यांनी. आणखी काही दिवस गेले असते तर हाती लागल्या नसत्या. हळूहळू तोंडातल्या जखमा भरून आल्या, ताप गेला, पेशी वर चढल्या. चुलतभावानं तोवर गावभर करून टाकलं की ब्लड कॅन्सरच होता, त्यानं वेळीच गोळी ओळखली म्हणून काकू वाचली. लोकांनी त्याला हार घालायचाच बाकी ठेवला.

घरी आणलं त्या दिवशी सगळे खाटेभोवती जमले. थोरल्या भावानं विचारलं, "माय, रोज रोज कशी गं खाल्लीस? यानं सांगितलं न्हवतं का?"

मी मोसंबी सोलत होतो. मायनं माझ्याकडं पाहिलं.

"त्यानं बराबर सांगितल्तं, बाबा," ती म्हणाली. "माझंच डोस्कं फिरलं. अडाणी बाई म्या."

"अडाणीच तू," भाऊ हसला. चुलतभाऊ हसला. इतक्या लोकांना मूर्ख ठरवणारा मी, फोडीतल्या बिया काढत बसलो. मी एक फोड तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती खाल्ली.