धाकटीची मेंढरं
घरामागचं गवत कमरेएवढं वाढलं होतं. थोरली सांगून थकली, पण कोणी विळा उचलला नाही. मग धाकट्या जावेने मेंढरं आणली, आयुष्यातली पहिलीच, आणि बघता बघता मागची भिंत दिसू लागली.

"पोरीच्या हाताला गुण आहे," सासूबाई म्हणाल्या. शिलाई मशीनवर बसलेल्या थोरलीच्या पोटात दुखलं. तिने इतकी वर्षं घरादाराचे कपडे शिवले, तेव्हा कुणाला तिचे हात दिसले नव्हते.

पुढे धाकटी तापाने झोपली आणि उपाशी मेंढरांनी घर डोक्यावर घेतलं. थोरलीने फाटक उघडलं, पण एकही मेंढरू जागचं हलेना. शेवटी कोणी ऐकत नाही ना हे बघून तिने धाकटीसारखा लाडिक आवाज काढला, "चला गं बायांनो." मेंढरं मुकाट तिच्यामागे गवतात शिरली. एक तर तिच्या तळहाताला नाक घासू लागलं. थोरली मनातून सुखावली.

तेवढ्यात खिडकीतून बसक्या आवाजात धाकटीने विचारलं, "जाऊबाई, चरतायत ना?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. तळहातावरचं नाकसुद्धा.

"चरतायत," थोरली तुटकपणे म्हणाली. "तू झोप बघू, आणि ती खिडकी लावून घे."