पानिपत जिंकणारं मंडळ

दर रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडच्या वाचनालयात पानिपत जिंकायचो. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची, पुढचं काय झालं असतं ते लिहून आणायचं आणि बाकीच्यांनी ते खोडून काढायचं, हा आमच्या हौशी मंडळाचा रिवाज.

एकदा सटाण्याकडच्या एक मावशी आल्या. दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. वाचताना चष्मा सारखा पदराला पुसत होत्या. त्यांच्या गोष्टीत ना राजा, ना लढाई. एका आईनं नवस फेडायला मुलाला वणीला पाठवलंच नाही. त्यामुळे घाटात गाडी उलटली नाही आणि मुलगा संध्याकाळी घरी जेवला.

"पटत नाही," आमच्यातला एकजण सवयीनं म्हणाला. "नवस होता ना? मग पुढच्या आठवड्यात गेला असता. घाट तोच, गाडी तीच."

मावशींनी वर पाहिलं. "म्हंजे आईनं नाय धाडलं, तरी तो गेलाच असता?"

"गेलाच असता!" आम्ही सगळेच म्हणालो.

त्यांनी पिशवी घट्ट धरली. "परत एकदा सांगा ना."

तेव्हा कुठे आम्हाला उमगलं, गोष्टीतली ती आई कोण ते.

त्या पुन्हा आल्या नाहीत. दाराजवळची खुर्ची रिकामी दिसली की मी मनातल्या मनात म्हणतो, गेलाच असता हो, मावशी.